अडखळलेली ओळ

“थांब, थांब! परत घेऊ!” जुन्या कॅसेटमधून ताईचा कोवळा आवाज आला आणि मागून आईची हाक, “आधी त्या कपाटातून बाहेर या!” गाद्यांच्या कपाटात बसून दोघा भावंडांनी रॅपची ही कॅसेट केली होती. ताई गायची, धाकटा भाऊ पत्र्याच्या डब्यावर ताल धरायचा. नीट जमलेली कॅसेट टेपरेकॉर्डरनं गिळली, असं तो म्हणाला; म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ही तालमीचीच वाजली. ताई अडखळली तिथे अख्खा हॉल हसला. त्यानंतर ती कधी गायलीच नाही.

आज तिची लेक तीच जागा पुन्हापुन्हा लावत होती. “आई, हल्ली सगळे कसे इस्त्री केल्यासारखे गातात! तू इथे धडपडतेस ना, तिथेच मला तू भेटतेस.”

ताई डोळे पुसत हसली. “ऐकलंस का रे? त्या टेपरेकॉर्डरचे उपकारच म्हणायचे!”

टेबलावर ताल धरलेली भावाची बोटं थांबली.

“ताई, टेपरेकॉर्डरनं काही गिळलं नव्हतं. तू इतकी सुंदर गायलीस, की माझा डबा कुणाला ऐकूच गेला नसता. मीच पुसली ती.”