भिंतीला खिळा ठोकायचा नाही

घराचा विमा उतरवायचा म्हणून देवस्थळीकाकू एजंटाला घेऊन वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे गेल्या. मोबाइलवर फोटो काढता काढता तो म्हणाला, “भरदुपारी इतका अंधार कसा हो इथे?”

खिडकीच्या गजांना घड्याळ, कॅलेंडर, लग्नाचा फोटो, गणपतीची तसबीर, सगळं सुतळीने टांगलेलं होतं. “भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अशी अट आहे ना, काकू,” भाडेकरू पूर्वा म्हणाली.

अट काकांची. ते गेल्यावरही काकू ती प्रत्येक भाडेकरूला तशीच्या तशी ऐकवत आल्या होत्या. आज मात्र त्यांची त्यांनाच लाज वाटली. “फारच कडक होते हो आमचे हे! आण बरं हातोडा.”

पदर खोचून, भिंतीचा मध्य बघून काकूंनी स्वतः खिळा धरला. तिसऱ्या घावाला भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली. तिघंही चिंब भिजली.

“काकू, विमा अजून उतरवलेला नाही हं,” एजंट पुटपुटला.

काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. चष्मा पुसत, वर छताकडे बघत त्या कडाडल्या, “अहो, भिंतीत पाइप आहे, एवढं सांगून जायला काय झालं होतं?”