हातात दिलेली विळी

आईची भांडी वाटताना शालनताईने सगळं पितळ आपल्याकडे ओढलं आणि गंजलेली विळी धाकट्या कुंदाकडे सरकवली. “घे, तुझ्या घरात काहीही खपतं!”

कुंदाने पात्याला चिंचेचा कोळ माखून ठेवला, मीठ लावलेल्या बटाट्याच्या फोडीने गंज घासून काढला आणि वर खोबरेल तेलाचा हात फिरवला.

दिवाळीला आलेली ताई ती लखलखती विळी पाहून गहिवरली. “आईची एवढी तरी आठवण मला दे गं!”

सगळं पितळ मोडीत घालताना हिला बरी नव्हती आठवली आई! कुंदाने विळी उचलून ताईच्या हातापुढे धरली.

ताई दचकून मागे सरली. “खाली ठेव, बाई! विळी हातात देऊ नये, भांडण होतं.”

“ठाऊक आहे,” कुंदा म्हणाली. “म्हणूनच हातात देतेय.”