नवरा आटल्याचा दाखला

शुक्रवारी सकाळी तूतक गावचा कारेझ वारला. पण पिस्ता संघाच्या वाढीच्या अहवालात मृत्यूचा रकानाच नाही, तेव्हा तो वारलाच नाही असं धरून पुढे जाऊ.

तर त्या शुक्रवारी खावर नेहमीसारखी साबण आणि टॉवेल घेऊन नवऱ्याकडे निघाली. नवरा म्हणजे हा कारेझ. डोंगराच्या पोटातून कोसभर अंधारात, भुयारातून चालत येऊन गावाच्या वेशीवरच्या हौदात, उजेडात पडणारं पाणी. कारेझ हा पुरुष, आणि बायको नसली की तो रुसून आटतो, हे तूतकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून एकोणतीस वर्षांपूर्वी गावानं विधवा खावरचं त्याच्याशी रीतसर लग्न लावलं होतं. वर्षाला दोन पोती गहू तिला, आणि दर शुक्रवारी तिनं त्याच्या पाण्यात आंघोळ करायची. पहिल्यापेक्षा हा बरा, थंड डोक्याचा, असं ती म्हणायची.

भुयाराच्या तोंडातून उस्ताद माशाल्ला ओणव्यानं बाहेर आला. कारेझ खणणारे पांढरे कपडे घालूनच आत उतरतात. माती कोसळली तर वेगळं कफन शोधायला नको. आज त्या पांढऱ्या कपड्यांवर चिखलाचा एक डाग नव्हता. नुसती धूळ.

"खानम, घरी जा," तो म्हणाला.

"आंघोळ करून जाते."

"तोंड पुसण्यापुरतंसुद्धा नाही आत."

खावरनं साबणाकडे पाहिलं. नवा होता, आजच कागद काढलेला.

एवढ्यात मोटारसायकलवरून फरामर्झ आला. तिच्या बहिणीचा मुलगा, पिस्ता संघाचा सचिव. हातात फाइल, खिशात शाईची डबी. मयताची खबर संघाला घरच्यांच्या आधी लागते.

"खाला, फार वाईट झालं," तो म्हणाला. "इथं अंगठा कर."

"काय आहे हे?"

"कारेझ आटल्याचा दाखला. बायको म्हणून तुझी संमती."

जिवंत कारेझाच्या हद्दीत विहीर पाडायची तर बायकोचा अंगठा लागतो. मेलेल्याला हद्द नसते. फरामर्झला पिस्त्याच्या बागांसाठी बारा नव्या विहिरी पाडायच्या होत्या, त्याही एकदम.

"कारण काय लिहिलंयस?"

"म्हातारपण."

"नऊशे वर्षं ठणठणीत होता. तू सचिव झाल्यावरच बरा म्हातारा झाला!"

"खाला, वरून आदेश आहे. दरसाल दहा टक्के वाढ."

"किती वर्षं?"

"किती म्हणजे? दरसाल."

उस्ताद माशाल्ला कपडे झटकत होता. "माझा थोरलाही दरसाल वाढायचा," तो म्हणाला. "विसाव्या वर्षी थांबला, म्हणून अजून दारातनं आत येतो."

फरामर्झ हसला नाही. त्यानं शाईची डबी उघडली. खावरनं आपला अंगठा उन्हात धरला. रेघांमधली निळाई कधी पुरती गेलीच नव्हती. आजवर अठरा विहिरी. अठराही वेळा तिनंच हा अंगठा टेकवला होता. पहिला टेकवला तो याच पोराच्या लग्नाच्या साली. एका विहिरीनं काय होतंय, असं तेव्हा तीच म्हणाली होती. पुढच्या सतरा वेळाही तेच म्हणाली. दर वेळी विहीर एकच होती.

"बरं, मन लहान करू नकोस," फरामर्झ जरा मऊ आवाजात म्हणाला. "आंघोळीचंच आहे ना? टँकर मागवतो. हौद भरून देतो."

"परक्याच्या पाण्यात उतरू मी?"

"परक्याचं कसलं? त्याचंच आहे. आमच्याच विहिरींनी ओढलेलं..."

माशाल्लानं त्याच्याकडे न बघता पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

खावर कोरड्या हौदाच्या पायरीवर बसली. टॉवेल तिनं मांडीवर नीट घडी करून ठेवला.

"कागद उलटा कर," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही. मला लिहिता आलं असतं तर तुझी मनधरणी कशाला केली असती? आणि नीट लिही, सरकारी."

"खाला, पाठच्या बाजूचं कुणी वाचत नाही."

"पुढच्या बाजूचं वाचतात का?"

फरामर्झनं फाइल गुडघ्यावर घेतली. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मध्ये एकदा त्याचं पेन थांबलं, तेव्हा तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. शेवटी त्याखाली अंगठा तिनं आपण होऊन उमटवला, एकोणिसावा.

"प्रति, मेहेरबान जलअधिकारी साहेब. अर्जदार खावर, कारेझाची पत्नी, वय एकाहत्तर, कळविते की माझे पती वारलेले नसून त्यांना घरी येण्यास अडचण होत आहे. यापूर्वी दिलेल्या अठरा संमती या अर्जदाराच्या चुका आहेत, त्या तशा नोंदवून घ्याव्यात. तरी गावातील अठराही विहिरी फक्त शुक्रवारी, सकाळी नऊ ते अकरा, बंद ठेवण्याचा हुकूम व्हावा, जेणेकरून पतींना वेशीपर्यंत पोहोचता येईल व अर्जदारास आंघोळ करता येईल. उत्तर येईपर्यंत अर्जदार हौदावरच बसून आहे. साबण सोबत आहे. ही नम्र विनंती."