वीतभर खाली

घरामागच्या जमिनीत सळई वीतभर जाई आणि ठक्कन अडे. तिथे वांग्याचं रोपही जगेना, म्हणून उर्वशीने मुळा पेरला, पण खाण्यासाठी नव्हे. मुळे जमिनीतच कुजले की त्यांच्या भोकांतून हवापाणी खाली उतरेल, असा तिचा हिशेब होता. सासरे घनश्यामरावांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर जमीन सुटली नाही, तर तिथे फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसणार होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती भंडाऱ्याहून परतली, तर सासूबाई रुखमिणीबाईंनी बारा मुळे उपटून ओसरीवर ओळीने मांडलेले.

"आई, उपटू नका म्हटलं होतं ना?"

"तू रोज सळई खुपसून पाहातं. मले बी पाहाचं होतं, हे कुठवर गेले."

उर्वशी रागवायचं विसरली. बाराही मुळे वीतभर सरळ जाऊन एकाच खोलीवर आडवे वळले होते.

"असं का झालं असेल?"

"तिथं आपलं खळं होतं. वरची माती मंग टाकली, तलावाच्या गाळाची."

"मला सांगितलं नाहीत कधी!"

"सळईले इचारून राहिली होती तू. मले कुठं इचारलं?"

घनश्यामराव खाटेवरून उठले. "म्हणजे मुळा हरला. गट्टूवाल्याले सांगून येतो."

"बसा जी," रुखमिणीबाई म्हणाल्या. "वीस वर्षं म्या ते खळं चोपलं, तुमच्या बैलाईनं तुडवलं. अना मुळ्याले एकच हिवाळा देता?"