आडोसा
संग्रहालयाच्या प्रत्येक दालनात आजोबा नातीच्या आधी घुसत, भिंतींवरून भरभर नजर फिरवत आणि मगच म्हणत, "हं, ये आता."

मोर्चांच्या दालनात मात्र ते दोन पावलांतच थांबले. समोरच माणसाएवढा मोठा फोटो होता: खाली पडलेली एक बाई आणि तिच्यावर काठी उगारलेला तरुण पोलीस. नात आत यायच्या आत आजोबा त्या पोलिसाच्या चेहऱ्यापुढे पाठ लावून उभे राहिले.

"इथं काही बघण्यासारखं नाही गं. चल, भूक लागलीय मला."

नातीनं त्यांचा हात धरला.

"चला आजोबा. बाबांनी मागच्या सुट्टीतच दाखवलाय तो मला. तुमच्यापुढे विषय काढायचा नाही, असं घरात ठरलंय आमचं."