यंदाची चाचणी

राज्याच्या चाचणीच्या दिवशी सकाळीच जगदेव सरांची मोटरसायकल वांग्याच्या वावराशी थांबली. त्यांना पाहताच निकिताची आई वाफ्यातूनच ओरडली, "तुमी कायले चक्कर मारली सर? ठेवली ना म्या तिले घरी! कच्ची पोरं बसली की शाळेची टक्केवारी पडते, ठावं हाय आमाले. दरसाली सांगा लागते काय?"

निकिता तोडलेली वांगी टोपल्यात भरत होती. तिनं मान वर केली नाही.

"तसं नाही, रुख्मिणीबाई," सर गाडीवरून उतरत म्हणाले. "यंदा आपल्या शाळेत सरकार नवी पद्धत करून पाहून राह्यलं. लेकराले जेवढं येते, तिथूनच विचारतात. अडलं तर सोपं विचारतात. शाळेची टक्केवारी काढतच नाहीत."

"म्हंजे, निकिताले बसू देता?"

"तिले न्यायलेच आलो."

या वावरात बोलताना सरांना पहिल्यांदाच खाली मातीकडे पाहावं लागलं नाही.

आईनं काही म्हणायच्या आत निकितानं टोपलं तिथंच सोडलं, हात फ्रॉकला पुसले आणि ती अनवाणीच गाडीवर चढली. मग शाळा येईपर्यंत रस्त्यात जो दिसेल त्याला ती सरांच्या खांद्यावरून ओरडून सांगत होती, "आज माही बी परीक्षा हाय!"