जबानी

खड्ड्यात उलटी टांगलेली ओतोयो एकदाची "बोलते" म्हणाली, तेव्हा नागासाकीच्या चौकशी कचेरीत तिला वर ओढून घेतलं. टांगण्याआधी कानामागे मुद्दाम पाडलेल्या चिरेतून रक्त अजून ठिबकत होतं.

"बंदी मोडून गावात लपलेल्या किरिस्तावांची नावं सांग," अधिकारी हायाशिदा गुरगुरला.

तिने सांगितलं. पहिला पाद्री कुणाच्या होडीतून उतरला, कुणी त्याला कोठारात लपवलं, पुढे कुणाला खांबाला बांधून जाळलं, कुणाला समुद्रात बुडवलं. कारकुनाचा कुंचला मागे पडला की ती थांबायची.

हायाशिदाने तिच्या बरगडीत लाथ घातली. "थेरडे, ही सगळी मेलेली माणसं!"

"जिवंत कुणी मिळायचं नाही, सरकार. ह्यांचं तेवढं लिहून ठेवा. आमच्याकडे असा कागद सापडला की घर जाळता तुम्ही."

"फाड रे ती जबानी!"

कारकून चाचरला. "सरकार, लिहिलेली जबानी शोगुनच्या दप्तरात जाते. फाडली तर आपल्या दोघांची मुंडकी उडतील."

ओतोयोने तोंडातलं रक्त थुंकलं आणि स्वतःच दोराकडे पाय सरकवले.

"टांगा परत. हे माहेरचं झालं. सासरच्या गावचे अजून राहिलेत."